चेलुवीचा पक्का काळा

माझ्या मुलीच्या पहिल्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाला काळी हनुवटी घेऊन बसले होते.

साडी काळी, मुलीचं झबलं काळं आणि हनुवटीही काळी. (एका बाईंनी तर ‘मेळ छान साधलाय’ म्हणून कौतुक केलं.) साबण, बेसन, लिंबू, रॉकेल, सगळं चोळून झालं होतं, पण रंग पक्का होता. तो घरच्या माणसांनी काढलेला असता तर मी मिरवला असता. पण तो काढला होता एका शेळीने! आणि त्या शेळीपायी माझी मुलगी जगली, म्हणून त्या हनुवटीबद्दल मी तेव्हाही फारशी कुरकुर केली नाही आणि आजही करत नाही.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन बंगळूरला चामराजपेटेत आले, ती सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट असेल. सासरची मंडळी रंगारी. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या मागोमाग पागोटी नि तंबू रंगवायला म्हणून इकडे आली. फौज परत गेली. आमच्या लोकांचं कापड वाळायचं राहिलं होतं म्हणून ते थांबले, ते थांबलेच. घरात मराठीच बोलायचे, पण ‘थोडं’ म्हणायचं तिथे ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ म्हणायचं तिथे ‘सरी’, त्यामुळे सुरुवातीला मी नुसती मान हलवायची. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, सासऱ्यांना अण्णा. नवऱ्याला मी काहीच म्हणत नसे, कारण नाव घ्यायची पद्धत नव्हती. हे एका कचेरीत कारकून होते, आणि घरच्या रंगांपासून आपला पांढरा शर्ट वाचवणं एवढंच त्यांचं आयुष्यातलं ध्येय होतं.

अण्णांना माणसांची नावं आठवत नसत, रंग आठवत. “कोण आलं होतं?” विचारलं तर “तो नाही का, मिरची रंगाच्या उपरण्याचा” असं उत्तर यायचं. लग्नात मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “ह्या शालूचा हिरवा दोन उन्हात उडणार.” मला वाटलं, इकडे आशीर्वाद असाच देत असतील.

वर्षाच्या आत कमू झाली. आणि बाळंतपण होऊन उठते न उठते तोच मला विषमज्वर झाला. मी वाचले, पण अंगावरचं दूध आटलं. कमूला गाईचं दूध दिलं, ते तिने बाहेर काढलं. पाणी घालून दिलं, तेही काढलं. डब्यातल्या पावडरीचं दिलं, ते तर तिने आल्या वाटेने थेट ह्यांच्या शर्टावर परत केलं. पोर दिवसेंदिवस हलकी व्हायला लागली. मांडीवर घेतली तरी घेतल्यासारखी वाटेना. डॉक्टर म्हणाले, शेळीचं दूध देऊन बघा. अण्णा दुसऱ्याच दिवशी होसकोट्याला गेले, ओळखीच्या विणकराकडून एक शेळी घेतली आणि संध्याकाळी जटक्यात मागच्या बाकावर तिला शेजारी बसवून घेऊन आले. जटकेवाल्याने दोघांकडेही वळून पाहिलं नाही म्हणे, तो घोड्याशीच बोलत राहिला.

शेळी करड्या रंगाची, दाढीवाली, एक शिंग वाकडं. अक्कांनी तिचं नाव ठेवलं चेलुवी. चेलुवी म्हणजे कानडीत सुंदरी. (अक्कांची नजर तेव्हाच अधू झाली होती.)

पण कमूने तिचं दूध प्यायलं आणि ते पोटात राहिलं! पहिल्यांदा पोट भरून पोर झोपली तेव्हा मी आणि अक्का पाळण्यापाशी बसून रडलो. मग मी गोठ्यात जाऊन चेलुवीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ते तिने माझ्याच पदराला पुसलं. त्या दिवसापासून घरात तिचे लाड सुरू झाले. लाड म्हणजे काय, तर तिला नेहमीचा पाला म्हणून खाऊ द्यायचा नाही. बाभळीचा पाला काटेरी, कडुनिंब कडू, कुंपणावरचं झुडूप धुळीचं. माझ्या लेकीची दूधआई अन् ती असलं खाणार? मी तिला रोज सकाळी तळ्याकाठी नेत असे. तिथे कोवळं, लुसलुशीत, दवाने भिजलेलं गवत होतं. रोज तीच जागा, तेच गवत. तिने मान वर करून एखाद्या झुडपाकडे नुसतं पाहिलं तरी मी दोरी ओढायची आणि म्हणायची, “छी, तुरट आहे ते, बाळ.”

परसात तर तिला मोकळं सोडायचंच नाही, असा अण्णांचा हुकूम होता. परस म्हणजे अण्णांचा कारखाना. एका बाजूला चटयांवर डाळिंबाच्या साली वाळत घातलेल्या, पलीकडे हिरड्याचा ढीग, आणि कोपऱ्यात एक मोठं मडकं. मडक्यात गुळाचं पाणी, आणि त्यात गंजके खिळे, गाडीच्या धावांचे तुकडे, मोडके विळे असं काय काय महिनोन्‌महिने आंबत पडलेलं. त्याला लोखंडाचं पाणी म्हणायचं. कापड आधी साली नि हिरड्याच्या काढ्यात भिजवायचं आणि मग लोखंडाच्या पाण्यात बुडवायचं, की काळंभोर होतं. पुड्यातले विलायती रंग येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण संक्रांतीची चंद्रकळा मात्र इथल्या मराठी बायकांना अण्णांच्या हातचीच लागायची. शेजारच्या सीतम्मांना ह्याचं दरवर्षी नवल वाटे. सणासुदीला कोणी काळं नेसतं का, असं त्या विचारायच्या आणि मग स्वतःच्या सुनेसाठी हळूच एक रंगवून न्यायच्या.

पाऊस संपता संपता चेलुवी खंगायला लागली. केस राठ झाले, बरगड्या दिसू लागल्या, जबड्याखाली पाण्याने भरलेली पिशवी लोंबावी तशी सूज आली. आणि दूध कमी झालं. आधी कमूची सकाळची वाटी भरेना, मग संध्याकाळची. पोर रिकाम्या वाटीचा काठ चोखत बसायची. मलाही त्या दिवसांत उठताबसता डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण तिकडे बघायला वेळ कुणाला होता? घरातला जो तो शेळीकडे बघत होता.

गुरांचे डॉक्टर घरी आले. भला माणूस. त्यांनी चेलुवीची खालची पापणी अंगठ्याने ओढून आत पाहिलं आणि म्हणाले, “जंत झालेत. रक्त पितात ते. ही आतली बाजू लालबुंद पाहिजे, पाहा कशी फिकी पडलीय. औषध देतो. आणि पापणीचा रंग रोज बघत जा.”

रंग रोज बघत जा, असं त्यांनी रंगाऱ्याच्या घरात सांगितलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी नमुन्याच्या दोऱ्यांच्या लड्या काढल्या. फिक्या कांद्याच्या सालीपासून डाळिंबीपर्यंत जेवढ्या छटा घरात होत्या, तेवढ्या गोठ्याच्या खुंटीवर ओळीने टांगल्या. मी चेलुवीचं तोंड धरलं, अक्कांनी पापणी ओढली, अण्णांनी एकेक लडी डोळ्याशी नेऊन ताडून पाहिली.

“कांद्याच्या सालीचा,” अण्णा म्हणाले.

“कांदा कुठला,” हे शर्ट सांभाळत लांबूनच म्हणाले. “धुऊन गेलेला गुलाबी आहे तो.”

“उजेडात आण तिला. सावलीत रंग बघतात का कुणी?”

तिला उजेडात आणलं. सीतम्मा कुंपणावरून म्हणाल्या की उन्हात सगळेच रंग फिके दिसतात. मग तिला पुन्हा सावलीत नेलं. शेवटी अर्ध्या उन्हात उभी केली, तर तिच्या एका डोळ्याचा रंग एक आणि दुसऱ्याचा दुसरा ठरला. तोवर ह्यांची कचेरीची वेळ झाली होती.

“औषध कोण देणार?” मी विचारलं.

“औषध काय, संध्याकाळी देऊ,” अण्णा म्हणाले. “आधी रंग तरी नक्की होऊ दे.”

संध्याकाळी औषधाची बाटली उघडली. पातळ निळं औषध. बांबूच्या नळीने शेळीच्या घशात ओतायचं होतं. अण्णांनी शिंगं धरली, मी मागून पोटाला मिठी मारली, अक्कांनी जबडा उघडला. ओतायचं काम ह्यांच्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाचा हात मोकळा नव्हता. चेलुवीने सगळं औषध तोंडात घेतलं, एक क्षण विचार केला आणि ह्यांच्या शर्टावर कॉलरपासून खिशापर्यंत फुंकरून दिलं.

हे दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. अण्णांनी मात्र शर्टाचं टोक दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. “निळा बरा बसलाय रे,” ते म्हणाले. “काठाला स्वल्प कमी आहे.”

पुढच्या वेळीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्या वेळीही. अख्खी बाटली संपली. त्यातला थेंबही शेळीच्या पोटात गेला नाही. ह्यांच्या शर्टांना मात्र पुन्हा जंत होण्याची भीती उरली नाही.

आणि मग चेलुवी बिघडली. म्हणजे आजारी होतीच, आता वागायलाही बिघडली. मी कापून आणलेलं कोवळं गवत ती हुंगायची आणि तोंड फिरवायची. पण परसाकडून वारा आला की कान ताठ करायची. एक दिवस बघते तर दोरी सोडवून बाई चटईवर उभ्या! डाळिंबाच्या साली कचाकच चावत होती. मी धावत जाऊन तिला हुसकलं. साल इतकी तुरट असते की जिभेला लागली तर तोंड आक्रसून जातं. मला कोल्हापुरात कुणीतरी सांगितलेलं होतं की तुरट खाल्लं की दूध आटतं. आधीच वाटी भरत नव्हती, त्यात हे! शिवाय अण्णांचा संक्रांतीचा माल. मी दोरी आखूड केली. तिने दोरी चावून तोडली आणि साली खाल्ल्या. मी दोरीला राख नि मिरची लावली. तिने ती दोरी चाटून पुसून तोडली आणि वर हिरडे खाल्ले.

“अक्का, हिला वेड लागलंय,” मी म्हणाले. “गोड गवत सोडून हे असलं खाते.”

“असू दे गं,” अक्का म्हणाल्या. “खाती तर आहे. काल काहीच खात नव्हती.”

पण मी कुठली ऐकते! माझ्या लेकीचं दूध होतं ते. मी साली उचलून माळवदावर नेऊन टाकल्या. शेळीला जिना चढता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दुपारी अण्णा जेवून आडवे झाले होते, अक्का कमूला घेऊन सीतम्मांकडे गेल्या होत्या. मी दूध काढायला वाटी घेऊन गोठ्यात गेले, तर गोठा रिकामा. माळवदावरच्या साली फस्त. परसात गेले, तर कोपऱ्यातल्या मडक्यात चेलुवीचं डोकं शिंगांपर्यंत बुडालेलं आणि शेपूट हलत होती. मी दोन्ही हातांनी ओढून तिला बाहेर काढलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडून “बें” केलं.

तोंड आतून काळं होतं.

जीभ काळी, हिरड्या काळ्या, ओठ काळे. दाढीवरून काळी लाळ गळत होती. मी किंचाळले. माझ्या हातातली वाटी कुठे गेली मला ठाऊक नाही. मी तिथेच खाली बसले, तिच्या गळ्याला मिठी मारली, तोंडाला तोंड लावलं आणि मोठ्याने रडायला लागले. ‘आता माझं पोर काय पिणार’ एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. आज हसून लिहितेय, पण तेव्हाचा तो धसका अजून आठवतो. रिकामी वाटी चोखणारं ते तोंड डोळ्यांपुढून हलेना.

अण्णा धावत आले. मागून अक्का आल्या, सीतम्मा आल्या, त्यांच्या मागून निम्मी गल्ली आली. अण्णांनी चेलुवीचा जबडा उघडून पाहिला आणि मटकन हिरड्याच्या ढिगावर बसले. तीनशे वर्षं ज्यांच्या घरात काळा रंग काढला जात होता, ज्यांच्या मागे लोखंडाचं पाणी होतं आणि बुडाखाली हिरडे होते, ते माझे सासरे म्हणाले, “विषबाधा आहे. असली काळी जीभ मी जन्मात पाहिली नाही.”

सीतम्मा म्हणाल्या, हावु, म्हणजे साप चावला. कोपऱ्यावरचे पानवाले म्हणाले, साप चावला की निळं पडतं, हे काळं आहे, ही नजर आहे. मग साप की नजर ह्यावर गल्लीत दोन पक्ष पडले. अक्कांनी देवघरातून गंगेचं पाणी नि तुळशीपत्र आणलं आणि शेवटचं म्हणून चेलुवीच्या तोंडात घातलं. तिने तुळशीपत्र खाल्लं. मग मान लांब करून सीतम्मांच्या अंबाड्यातला शेवंतीचा गजरा खाल्ला.

“जाताना वासना राहू नये,” पानवाले हळहळून म्हणाले.

अण्णांचे डोळे भरून आले होते. त्यांनी आपलं पांढरंशुभ्र उपरणं काढलं आणि मायेने चेलुवीचं तोंड पुसलं. उपरणं काळं झालं तसे सवयीने उठले, हौदापाशी गेले आणि ते पाण्यात घालून चोळू लागले. थोड्या वेळाने चोळणं थांबलं. त्यांनी साबण लावला. पुन्हा चोळलं. मग उपरणं पिळून उन्हात धरलं आणि आमच्याकडे पाठ करून तसेच उभे राहिले.

“अक्का,” ते म्हणाले. ते बायकोलाही अक्काच म्हणत. “हे उतरत नाही.”

“काय उतरत नाही?”

“रंग.”

अण्णा हळूहळू वळले. त्यांनी मडक्याकडे पाहिलं, माळवदाच्या जिन्याकडे पाहिलं, मग शेळीकडे पाहिलं. आधी सालींचा काढा, लोखंडाचं पाणी मागून! पोटात साली नि हिरडे, आणि त्यावर गुळाच्या गोडीने प्यायलेलं मडक्यातलं पाणी. विष नव्हतं, साप नव्हता, नजर नव्हती. चेलुवीने आपल्या तोंडात आमचा पिढीजात काळा रंग काढला होता, आणि घरातल्या एकाही रंगाऱ्याला तो ओळखू आला नव्हता.

मला हसावं की रडावं कळेना. अण्णांचं तसं नव्हतं. ते उपरणं घेऊन चेलुवीसमोर उकिडवे बसले. त्यांच्या काळ्याला जन्मभर एक तांबूस झाक यायची आणि ती त्यांना जन्मभर खुपायची. ह्या काळ्यात तांबडं नावाला नव्हतं.

“प्रमाण काय घेतलंस गं?” त्यांनी शेळीला विचारलं.

नेमके त्याच वेळी हे कचेरीतून आले. दारात उभं राहून त्यांनी पाहिलं: परसात गल्ली जमलेली, वडील शेळीची मुलाखत घेताहेत, शेळीचं तोंड काळं, आणि तिला बिलगून बसलेल्या बायकोची हनुवटी, गाल नि मान काळी. ते काहीही न विचारता शर्ट काढून खुंटीला टांगायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढताना सगळं घर गोठ्यात हजर होतं. दूध कोणत्या रंगाचं येईल ह्याचीच सगळ्यांना धास्ती. पहिली धार वाटीत पडली. पांढरी. अक्कांनी हात जोडले. अण्णांनी नुसतं “सरी” म्हटलं, पण मला वाटतं त्यांची थोडी निराशा झाली असावी.

डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. पोटात काही दुखलंखुपलं नाही ना, एवढं त्यांनी बघून घेतलं आणि म्हणाले, मडकं झाकून ठेवा, बाकी ती खाते ते खाऊ द्या; जंत तळ्याकाठच्या ओल्या गवतातूनच पोटात जातात, आणि तुरट साल-पाल्याने ते दबतात. तेव्हापासून चेलुवीला कोणी अडवलं नाही. ती साली खायची, हिरडे तोडायची, मी कुंपणापाशी नेलं तर बाभळीचा पाला ओरबाडायची. आणि खुंटीवरच्या लड्यांत रोज एकेक लडी पुढे सरकू लागली. कांद्याची साल गेली, गुलाबी आली. गुलाबी गेली, राणी रंग आला. जबड्याखालची सूज ओसरली. कमूची वाटी आधी अर्धी, मग काठोकाठ भरायला लागली. शेवटी एका सकाळी अण्णांनी डाळिंबी लडी पापणीला लावली आणि ती लागू पडली. ह्यांनीसुद्धा वाद घातला नाही.

मग मात्र माझी पाळी आली. इतके दिवस मी जे हुसकत होते, त्याचा गुण आला म्हटल्यावर मी ताटात निवडक साली घेऊन तिच्यापुढे बसले. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. मी ताट त्या बाजूला नेलं. तिने पुन्हा फिरवलं. मी त्यावर गूळ किसून घातला. तिने गूळ चाटला आणि साली खाली पाडल्या.

“अक्का, ही बघा, आता औषध खात नाही.”

“बरं वाटल्यावर कोण औषध खातं?” अक्का म्हणाल्या. “तिला कधी पाहिजे तिला कळतं, कधी नको तेही कळतं. तू का मध्ये मध्ये करतेस?”

खरं होतं ते. मी लाडाने खाऊ घातलं त्यापायी ती मरायला टेकली होती, आणि मी अडवत होते ते खाऊन ती जगली. ती जगली म्हणून कमू जगली. पोटात रक्त पिणारे किडे घेऊन, अंगात त्राण नसताना, ती दोरी तोडून जिना चढून गेली. ती स्वतःसाठी गेली असेल, पण माझ्या पदरात त्यातून मूल पडलं. ह्या उपकारांची फेड कशी करायची मला कधी कळलं नाही.

संक्रांतीला कमूचं बोरन्हाण झालं. झबलं अण्णांनी स्वतः रंगवलं होतं. (तांबूस झाक आलीच. शेळीने प्रमाण शेवटपर्यंत सांगितलं नाही.) पाटावर बसलेल्या कमूच्या डोक्यावर बोरं नि चुरमुरे ओतले, पोर दोन्ही हातांनी गोळा करत होती, आणि मी वाकून हलव्याचे दागिने नीट करताना एकदम भोवळ येऊन भिंतीला टेकले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. जवळ आल्या, माझी अजून काळीच असलेली हनुवटी धरली आणि अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली. मग आत बघून हाक मारली, “अहो, लड्या आणा.”

भरल्या हळदीकुंकवात अण्णा लड्या घेऊन आले. कांद्याची साल लावून पाहिली, ती गडद झाली. त्याहून फिकी लडीच नव्हती. शेवटी त्यांनी ह्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही धरून माझ्या डोळ्याशी नेली.

“जुळली,” ते म्हणाले, आणि बाही सोडायची विसरले.

“मला काही झालेलं नाही,” मी म्हणाले.

“होय की. जन्माला येऊन एवढं एकच म्हणायला शिकलीस,” अक्का म्हणाल्या. घर शेळीकडे बघत राहिलं आणि सून वाळत गेली, ह्याबद्दल त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना झापलं. स्वतःलाही सोडलं नाही. डॉक्टरांकडे नेलं, रक्ताचं औषध आणलं, आणि मी ते घेते की नाही हे बघायला समोर बसू लागल्या. त्या बाईने मला लेकीसारखं नव्हे, शेळीसारखं सांभाळलं. आमच्या घरात याहून मोठी माया नव्हती.

डॉक्टरांनी सकाळची मोकळी हवा सांगितली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्कांनी मला नि चेलुवीला एकदमच दाराबाहेर काढलं. सीतम्मा रांगोळी घालत होत्या. त्यांनी विचारलं, “काय, सून शेळीला घेऊन निघाली?”

“नाही,” अक्का म्हणाल्या. “शेळी सुनेला घेऊन निघालीय.”

मग त्यांनी माझ्याकडे वळून दोरीचं टोक माझ्या मुठीत दिलं, वरून मूठ दाबली आणि म्हणाल्या, “घट्ट धर गं. सुटलीस तर तुला घराची वाट सापडायची नाही.”